बंपरवरचं हळदकुंकू

मी संशयी आहे हे माझ्या बायकोचं मत, आणि ते खरं आहे. खालापूरच्या एका कारखान्यात सत्तावीस वर्षं मी एकच काम करतोय. बाहेरून आलेला माल तपासायचा, खोट शोधायची आणि शिक्का मारून परत पाठवायचा. खोट सापडली नाही तर मला त्या दिवशी जेवण गोड लागत नाही. बाजारात मी वांगं असं उलटून पालटून बघतो की भाजीवाला वैतागून म्हणतो, "घ्या नायतर ठेवा, पण त्याला लाजवू नका."

अशा माणसाला त्याच्या दाजींनी आपण होऊन गाडी देऊ केली.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. ताईला पळसदरीला दिलेली. दाजींनी उभा जन्म टेंपो चालवला, भाजी, विटा, लग्नाची भांडी, काय म्हणाल ते. टेंपो विकून निवांत झाल्यावर तीन वर्षांपूर्वी त्यांनी हौसेनं एक कॉम्पॅक्ट एसयूव्ही घेतली. लांबीला चार मीटरच्या आत, पण उंचीला रुबाबदार, करड्या रंगाची. तिच्यावर धूळ बसली तरी त्यांना झोप लागायची नाही. आणि एका रविवारी सकाळी फोन, "तुला गाडी घ्यायची हाय ना रं? माझी घेऊन जा. बाजारापेक्षा कमीच लावीन."

"आणि तुमी?"

"मी विलेक्ट्रिक गाडी घेतोय. पनवेलला बघून आलो."

मी फोन ठेवला आणि बायकोला म्हटलं, "कुठंतरी पाणी मुरतंय." आपली चांगली गाडी, तीही तीन वर्षांची, कोणी का विकतं? आणि कमी भावात? दोन पावसाळ्यांपूर्वी नदीचं पाणी त्यांच्या खालच्या आळीत शिरलं होतं. कंबरेएवढं होतं असं ताईच म्हणाली होती. त्या पाण्यात गाडी कुठे होती, हे मात्र तिनं सांगितलं नव्हतं आणि मीही तेव्हा विचारलं नव्हतं.

पण गाडीची गरज होती. आईचे गुडघे गेलेले. लोधिवलीहून तिला कर्जतला दवाखान्यात न्यायचं म्हणजे रिक्षात दोघांनी उचलून बसवायचं. शेजाऱ्याच्या साध्या कारमध्ये बसवलं तर ती विहिरीत उतरल्यासारखी खाली जायची आणि काढताना मग सगळं घर कामाला लागायचं. जीपची तर पायरीच तिला चढवत नाही. या गाडीचं सीट बरोबर तिच्या मांडीच्या उंचीला येत होतं. आधी पाठ करून बसायचं, मग पाय आत घ्यायचे. मी पळसदरीला गेलो तो हे डोक्यात धरून, आणि खिशात बॅटरी आणि रंगाखालची डागडुजी पकडायला लोहचुंबक घेऊन.

दाजी ओट्यावर बसून बघत राहिले आणि मी तासभर गाडी तपासली. सीटचे पट्टे पूर्ण बाहेर ओढून पाहिले, कारण बुडालेल्या गाडीच्या पट्ट्याच्या शेवटच्या हातभरात चिखलाची रेघ राहते, ती कोणी धुवत नाही. रेघ नव्हती. मॅट उचलून वास घेतला. डिकीतलं जादा चाक काढून खालचा खड्डा चाचपला. सीटखालच्या नटांना गंज आहे का ते बॅटरी मारून बघितलं. ताई चहा घेऊन आली तेव्हा मी पालथा पडून होतो. ती म्हणाली, "गाडी घेतोस का बायको बगतोस रं?"

पाण्याची खूण मिळाली नाही. पण डाव्या बाजूला मात्र मला हवं ते सापडलं. डाव्या दोन्ही दारांवरचा रंग उजवीकडच्यापेक्षा किंचित नवा होता. डाव्या चाकांच्या कडा खरवडलेल्या. डाव्या आरशावर कंपनीचा नसलेला एक छोटा गोल आरसा चिकटवलेला. आणि पुढच्या बंपरवर ओळीनं चार काळी गोल बटणं, सेन्सर. मागचे सेन्सर आणि कॅमेरा कंपनीचे असतात, ते मला माहीत होतं. पुढचे बाहेरून बसवलेले होते. म्हणजे बंपर बदललाय. म्हणजे ठोकलीय.

"हे काय, दाजी?"

"कुंपणं लागतात रं गावात. रस्ते बगतोस ना."

"आणि हे पुढचे सेन्सर?"

"हौस," म्हणाले आणि चहा प्यायला लागले.

ज्या माणसानं तीस वर्षं टेंपो इंचभर जागेतून काढला, त्याला पुढे काय आहे हे सांगणारं यंत्र हवं झालं, ही कसली हौस? पाण्यात म्हैस आणि बाहेर मोल, असं मनाशी म्हणत मी गाडी घेतली. आईचे गुडघे होते म्हणून घेतली.

आता गाडी कशी होती ते खरंखरं सांगतो. गाडी चांगली होती आणि हेच मला खटकत होतं. इंजिन छोटं, तीनच सिलिंडरचं, पण टर्बो. चौकातून हायवेला लागताना पहिल्या दमात ती आळस देते, जरा थांबते, आणि मग अशी उचलते की मागचा ट्रक आरशात लहान होतो. खोपोलीच्या वर घाटात पाच माणसं आणि एसी चालू ठेवून तिला तिसऱ्यात नेली, धापली नाही. पोट जमिनीपासून चांगलं वर, त्यामुळे आमच्या शेताच्या बांधावरूनही घासली नाही. चढावर ब्रेकवरचा पाय काढला तरी दोनेक सेकंद ती स्वतःला धरून ठेवते. ते मला पटेना. मी महिनाभर हँडब्रेक ओढूनच निघत होतो, कारण दोन सेकंदांनंतर तिला कोण सांगणार? काट्याच्या बाजूच्या पडद्यावर ती लिटरला साडेअठरा देते असं सांगायची. मी टाकी भरून, चालवून, पुन्हा भरून पाहिलं, तर पंधराच. म्हणजे ती खोटं बोलते हे सिद्ध झालं. बायको म्हणाली, सगळ्याच गाड्या तेवढं वाढवून सांगतात, मुलीकडच्यांसारखं. मी हसलो नाही.

आई मात्र खूश. मागे एसीची वेगळी जाळी होती, ती पदराकडे वळवून घ्यायची आणि छतातली काच उघडायला लावायची. तिच्या मते ती काच देवाला हात जोडायला ठेवलीय.

मग दसरा आला.

आमच्याकडे दसऱ्याला जे जे राबतं त्याची पूजा होते. विळा, कोयता, पंप, सायकल, आणि आता गाडी. मी गाडी धुऊन दिली आणि आपट्याची पानं आणायला गेलो. आईनं खुर्ची टाकून, बसल्या बसल्या पूजा केली. हळद तिनं तेलात कालवली होती, कारण पाण्यातली वाळून उडते. बॉनेटवर स्वस्तिक काढलं, दिव्यांना हळदकुंकू लावलं, चाकांना लावलं, बंपरवर झेंडूची माळ सोडली. मी आलो, नारळ फोडला, लिंबावरून चाक नेलं, सगळं रीतसर झालं.

दुसऱ्या दिवशी गाडी चौकाच्या बाजारात हळू केली आणि ती ओरडायला लागली. पी पी पी पी, समोर काही नसताना. मला वाटलं माळेमुळे. थांबून माळ काढली. तरी पी पी. मागे घ्यायला गेलो तर कॅमेऱ्याच्या पडद्यावर सगळं तांबूस धुरकट, मधे एक सावली. उतरून मागे वाकून पाहिलं. नंबरपाटीच्या वर पूजेचं कुंकू होतं. मी नकळत हात जोडले आणि परत येऊन बसलो.

वाचणाऱ्याला हे बावळटपणाचं वाटेल, आणि तसं ते आहेच. पण पूजेचं हळदकुंकू आमच्यात कोणी पुसत नाही. ते आपोआप जाईल तेव्हा जाईल. देव्हाऱ्याच्या कडेचं, उंबऱ्याचं, पंपाच्या मोटरीवरचं, वर्षानुवर्षं थर चढतात. लहानपणापासून हे इतकं अंगात भिनलेलं की माल तपासणाऱ्या माझ्या नजरेला ते डाग 'डाग' म्हणून दिसलेच नाहीत. मला दिसलं ते एकच, की वायरिंगला पाणी लागलंय. कॅमेऱ्यात ओल धरलीय. गाडी बुडालेली आहे.

चौकात आमचे एक जुने मिस्त्री आहेत. त्यांना सगळे चाचा म्हणतात, मूळचे मुरुडकडचे, दोन पिढ्या गॅरेज इथेच. त्यांच्याकडे गेलो. त्यांनी बंपरकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि जरा थांबून म्हणाले, "चार-आठ दिवस चालवा. बंद होईल आपोआप."

"पाणी लागलं असेल का?"

"लागूबी शकतं. मी काय सांगू?"

एवढं मला पुरे होतं. मी स्टिअरिंगजवळचं बटण दाबून सेन्सरचा आवाज बंद करून गाडी चालवायला लागलो आणि मनातला आवाज मोठा होत गेला. सख्खे दाजी. आईला बसवण्यासाठी गाडी घेतोय हे माहीत असून बुडालेली गळ्यात मारली. विलेक्ट्रिक गाडी तर अजून आलीच नव्हती. मी ताईला फोनवर सहज विचारल्यासारखं विचारलं, तर म्हणाली, "पनवेलला जातात बगायला, दर पंदरा दिवसांनी. एष्टीनं. घेत काय नाय." हे मी त्यांच्या नावावर आणखी एक खोटं म्हणून लिहून ठेवलं.

भाऊबीजेला मी एकटाच गेलो. ताईनं पाट मांडला, टिळा लावला, निरांजनाचं ताट हातात घेतलं आणि म्हणाली, "आय का नाय आली?"

मी ठरवून गेलो नव्हतो. पण बोललो. "त्या गाडीतून कशाला आणू? वाटेत बंद पडली तर? दाजींनी पुरात बुडालेली गाडी दिलीय मला."

ताट तसंच राहिलं. दाजी आरामखुर्चीत बसले होते. ताई त्यांच्याकडे वळली. "खरं हाय?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. एक शब्द बोलले असते तर मी भांडायला तयार होतो, दारांपासून बंपरपर्यंत सगळं मला तोंडपाठ होतं. ते म्हणाले, "तो म्हनतो तर आसंल."

"आसंल म्हंजे? माझ्या भावाला फसवलंत तुमी?"

"नको आसंल तर गाडी ठेवून जा म्हनावं त्याला."

ताईनं मला ओवाळलं. जेवायला वाढलं, पण आग्रह केला नाही. परतताना मी खूश होतो हे लिहायला लाज वाटते. खोट सापडली होती, आणि मालकानं कबूल केली होती.

त्यानंतर ताईचा फोन बंद झाला. आई रोज विचारायची, मी काहीतरी सांगायचो. मग शेजारच्या गावातून, दाजींच्याच भावकीतल्या एका बाईकडून कळलं की पळसदरीच्या घरात नवराबायको बोलत नाहीत. ताई ताट वाढते आणि आत जाऊन बसते. म्हणे, "माझ्या आईच्या जिवाशी खेळलेला मानूस." छत्तीस वर्षांचा संसार माझ्या एका वाक्यावर असा अडला होता. तरी मला वाटलं, मी काय खोटं बोललो?

पुरावा पक्का करावा म्हणून गाडी परत चाचांकडे नेली. म्हटलं, वायरिंग उघडा, मला ओल बघायची आहे.

चाचा गाडीसमोर उकिडवे बसले. मग त्यांनी रॉकेलचं फडकं माझ्या हातात दिलं. "ती चार बटणं पुसा. मागचा कॅमेराबी. तुमी पुसा, पूजेचं हाय, मी हात नाय लावणार. त्या दिवशीबी मी त्याच्यामुळंच गप बसलो. वाटलं, चार दिवसांत उडून जाईल."

मी पुसलं. चार डोळ्यांवर आईनं चार जाड टिळे लावले होते, तेलात कालवलेले, बोटानं दाबून बसवलेले. मागच्या कॅमेऱ्यालाही. तिला ते डोळेच वाटले असणार. फडकं पिवळंतांबडं झालं. गाडी चालू केली, हळूहळू पुढे घेतली. आवाज नाही. पडदा लख्ख.

मी तसाच सीटवर बसून राहिलो. तोंडातून निघालं, "पण मग बंपर? डावी बाजू? दाजींनी ठोकली होती ना?"

चाचा फडकं घडी घालत होते. "बोलायचं नव्हतं. त्यांनी शपथ घातलीय. पण तुमी मानसाला लबाड म्हनत फिरताय, म्हनून सांगतो. ते सेन्सर मीच बसवले. तो गोल आरसाबी. ते म्हनाले, मिस्त्री, डावीकडचं दिसत नाय. काचबिंदू हाय. पनवेलला डॉक्टरकडं जातात ते, गाडी बगायला नाय."

पळसदरीपर्यंत मी कसा गेलो ते आठवत नाही. दाजी अंगणात एकटेच होते, ताई धरणाखालच्या वाडीत भाजी काढायला गेली होती. मी त्यांच्यासमोर बसलो आणि सरळ म्हटलं, "चाचांनी सांगितलं."

त्यांनी फाटकाकडे नजर टाकली. मग म्हणाले, "तिला सांगितलंस?"

"नाय. पण तुमी का नाय बोललात? भाऊबीजेला एक शब्द बोलला असतात तर..."

"ती उभी होती ना तितं." त्यांनी खिशातून थेंबांची बाटली काढली, बघितली, परत ठेवली. "लबाड म्हन रं. लबाडाला बायको शिव्या घालती, पन भाकरी देती. आंधळ्याकडं बगून रडती. मी तीस वर्सं त्या टेंपोवर होतो. गावात पोरं मला बगून गाडी शिकली."

"पण विकायची का? थेंब चालू आहेत ना?"

ते फाटकाकडे बघत होते. "जेठात गाडी बाहेर काढत होतो. ती डाव्या अंगाला फाटक धरून उभी व्हती, घमेलं घिऊन. मला दिसलीच नाय. आरसा तिच्या कोपराला लागला, घमेलं पडलं. तिला वाटलं मी मस्करी केली. हसली. म्हनाली, या वयात काय चाळे करता. मी बी हसलो. दुसऱ्या रविवारी तुला फोन केला."

मी त्या गाडीखाली पालथा पडून बॅटरी मारली होती, आणि जिच्यासाठी ती विकली गेली ती माझी ताई तिथेच, चहा घेऊन माझ्या डोक्याशी उभी होती. मला माझी भयंकर शरम वाटली. मी त्यांच्या पायाला हात लावायला वाकलो तर त्यांनी खांदा धरला. "आता सांग तिला कायतरी. तुझी चूक व्हती म्हन. माझं नको सांगू."

तेवढ्यात ताई फाटकातून आली, डोक्यावर भाजीची पाटी. मला बघून तोंड आवळलं. "काय रं, गाडी परत करायला आलास?"

"नाय ताई. चूक माझी. गाडी चांगली हाय, पुरात गेलीच नव्हती. आयनं सेन्सरला हळदकुंकू लावलं होतं, म्हनून वाजत होती. दाजींनी काय फसवलं नाय."

तिनं पाटी खाली ठेवली. क्षणभर तिच्या चेहऱ्यावर इतकं सुख आलं की मला वाटलं आता सगळं मिटलं. मग ती नवऱ्याकडे वळली. "मग मी तोंडावर विचारलं तवा 'आसंल' का म्हनालात? आनि चांगली हाय तर विकली कशाला?"

दाजींनी माझ्याकडे पाहिलं. मी तिला सांगायला एखादं खोटं शोधत होतो आणि आयुष्यात पहिल्यांदा मला ते सापडत नव्हतं. ताई एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होती, आणि माझीच ती नजर होती, खोट शोधणारी. ती मीच तिला दिली होती. आता ती उत्तर मिळेपर्यंत सोडणार नव्हती.

"सांगा ना," ती म्हणाली.

"तू दिसली नाय मला," दाजी म्हणाले. "त्या दिवशी फाटकाशी. मस्करी नव्हती ती."

ती उभीच राहिली. भाजीचा चिखल लागलेले हात तिनं पदराला पुसले, सावकाश, एकेक बोट. मग त्यांच्या डाव्या बाजूला जाऊन जमिनीवर बसली, आणि अगदी हळू विचारलं, "आता दिसते?"

"नाय," ते म्हणाले.

ती रडली नाही. उठली, त्यांच्या समोरून फिरून उजवीकडे येऊन बसली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "उद्या आठ वाजता गाडी घेऊन ये. पनवेलला मी जानार यांच्यासंगं. आता तू जा."